नाथसागरातून उडणारे पाणी: एका उन्हाळ्याच्या प्रकल्प नोंदी

६ फेब्रुवारी २०२४

काम सुरू करण्यामागचे कारण आधी लिहून ठेवतो. गेल्या पावसाळ्यात जायकवाडी धरण भरले नाही; नाथसागर हा त्याचाच जलाशय. समन्यायी पाणीवाटपाच्या नियमानुसार १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला की वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. यंदा तो आला. ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला, वाद झाले आणि नोव्हेंबरच्या शेवटी पाणी निघाले. त्या वादात वरच्या धरणांच्या बाजूने एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू आले: "जायकवाडीत सोडलेले पाणी उन्हात उडून जाते, मग सोडायचे कशाला?" खालच्या बाजूचे उत्तर असे की बाष्पीभवनाचा आकडा फुगवून सांगितला जातो. दोन्ही बाजू आकडा वापरतात, पण तो निघतो कसा, हे कोणी सांगत नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेती असलेल्या माणसाला तो समजून घेण्याचा हक्क आहे. म्हणून वही उघडली.

धरणाची मूळ मापे: पैठणजवळ गोदावरीवर मातीचे धरण, लांबी सुमारे १० किलोमीटर, २७ दरवाजे. पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते, लोकार्पण १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते. एकूण साठा २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे सुमारे १०२ टीएमसी. त्यापैकी उपयुक्त २,१७१ आणि मृत (कालव्याच्या दरवाजांतून न निघणारा) ७३८ दलघमी. जलाशय सुमारे ५५ किलोमीटर लांब, जास्तीत जास्त २७ किलोमीटर रुंद. पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा साधारण ३५० चौरस किलोमीटर.

साठ्याला पसाऱ्याने भागले की सरासरी खोली ८.३ मीटर निघते. एवढ्या मोठ्या धरणाच्या मानाने ही खोली फार कमी आहे. भंडारदरा या वरच्या धरणाचे पाणी डोंगरांच्या घळीत उभे आहे, नाथसागराचे पाणी पठारावर पसरले आहे. घागरीतले पाणी परातीत ओतावे, तसा हा फरक आहे.

९ फेब्रुवारी

एकके पक्की करून घेतली, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. बाष्पीभवन मिलिमीटरमध्ये मोजतात, साठा दलघमीत आणि चर्चा टीएमसीत होते.

एक चौरस किलोमीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडाले तर ते १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर. ३५० चौरस किलोमीटरवरून एक मिलिमीटर म्हणजे ०.३५ दलघमी, ३५ कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. पुढच्या सगळ्या हिशेबात हेच तीन आकडे लागतील.

जलाशयात पाणी किती आहे याच्याशी बाष्पीभवनाला थेट कर्तव्य नाही. ऊन आणि वारा फक्त पृष्ठभाग पाहतात. म्हणून या प्रकल्पाचे दोन स्वतंत्र भाग पडतात: रोज किती मिलिमीटर उडते, आणि त्या दिवशी पाण्याचा पसारा किती होता. पहिल्या भागावर ग्रंथालये भरतील इतके लिहिले गेले आहे. दुसऱ्याकडे मात्र कमी लक्ष जाते.

२० फेब्रुवारी

पसारा. प्रत्येक धरणाला पातळी, क्षेत्रफळ आणि साठा यांचा तक्ता असतो. तो धरण बांधताना केलेल्या सर्वेक्षणावरून बनतो. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षे गोदावरी गाळ आणते आहे. गाळ फक्त तळाशी बसत नाही. फुगवट्याच्या (धरणामागे पसरलेल्या पाण्याच्या) शेपटीकडे, जिथे प्रवाह मंदावतो, तिथेही तो साचतो. म्हणजे त्याच पातळीला आज साठा कमी आहे आणि उथळ भागांचा आकारही बदललेला आहे. जुना तक्ता वापरायचा तर हे ध्यानात ठेवून.

तोपर्यंत ढोबळ काम चालावे म्हणून एक साधे सूत्र धरले: पसारा हा साठ्याच्या दोन तृतीयांश घाताच्या प्रमाणात बदलतो. ज्याचे काठ सगळीकडून सारख्या उताराने तळाकडे जातात अशा खोलगट भूरूपाला ते लागू पडते. नाथसागर तंतोतंत तसा नाही, पण अंदाज हाताशी राहतो.

या सूत्राने, पूर्ण साठ्याला ३५० चौरस किलोमीटर. उपयुक्त साठा ६५ टक्के असताना (एकूण सुमारे २,१५० दलघमी) २८६. फक्त मृत साठा उरला असताना सुमारे १४०.

हे आकडे पाहून थांबलो. पूर्ण भरलेल्या धरणातून पाणी कमी होत होत चौथा हिस्सा उरते, तेव्हा पसारा मात्र चाळीस टक्के शिल्लक असतो. पाणी ज्या वेगाने कमी होते, त्या वेगाने ऊन झेलणारा पृष्ठभाग कमी होत नाही. दुष्काळी वर्षात बाष्पीभवनाची टक्केवारी वाढते ती याच कारणाने. त्यासाठी ऊन जास्त तापावेच लागते असे नाही.

२ मार्च

उन्हाळी हंगाम सुरू झाला. जलसंपदा खात्याच्या हिशेबात १ मार्च ते ३० जून हा उन्हाळी हंगाम, १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर रब्बी.

फुगवट्याजवळच्या एका शेतात बाष्पीभवन पात्र बसवले. भारतीय मानकाचे पात्र: तांब्याचे, १,२२० मिलिमीटर व्यासाचे, २५५ मिलिमीटर खोल, बाहेरून पांढरे, लाकडी चौकटीवर जमिनीपासून थोडे उंच. वर षटकोनी जाळी. जाळी नसेल तर पहिल्याच दुपारी कावळे, साळुंक्या आणि शेजारचे कुत्रे पात्रावर येतील आणि ते पाणीही उन्हाने नेले असे नोंदले जाईल.

वाचन सकाळी साडेआठला. पात्रात एका बाजूला शांत पाण्याची नळी असते, तिच्यात टोकदार खूण. काल पाणी त्या टोकाला टेकले होते, आज खाली गेले. मोजपात्राने पाणी ओतून पुन्हा टोकापर्यंत आणायचे. मोजपात्राचा व्यास पात्राच्या बरोबर एक दशांश, त्यामुळे मोजपात्रातले २० सेंटिमीटर पाणी म्हणजे पात्रातले २ मिलिमीटर. शाळेतल्या मुलालाही जमेल असे हे काम आहे, आणि शेतमालकाच्या नववीतल्या मुलीने ते आनंदाने घेतले. तिच्या नोंदी माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत.

पाऊस झाला तर तो पर्जन्यमापकातून घेऊन बेरजेत धरायचा. पाऊस जोराचा असेल तर पात्रातून पाणी बाहेर उडते. तो दिवस सोडून द्यायचा.

१७ मार्च

पात्र आणि जलाशय एकसारखे वागत नाहीत. पात्राच्या पत्र्याला बाजूनेही ऊन लागते, दुपारी त्यातले पाणी तापते, रात्री झटकन निवते. जलाशयाचे पाणी दिवसरात्र जवळपास एकाच तापमानाला असते, म्हणून तिथे रात्रीही बाष्पीभवन चालूच राहते. शिवाय पात्रावरून जाणारी हवा कोरड्या रानातून येते, तर जलाशयाच्या मध्यावर पोचलेली हवा वाटेत ओलावा घेऊन आलेली असते. म्हणून पात्राच्या आकड्याला गुणांक लावावा लागतो.

उघड्या अमेरिकी 'अ' वर्ग पात्रासाठी वर्षाचा गुणांक साधारण ०.७ धरतात. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात लेक हेफनर येथे १९५० आणि १९५१ साली जो मोठा अभ्यास झाला, त्यातूनही याच्या आसपासचा आकडा आला. जाळीच्या भारतीय पात्राला ०.८, कारण जाळीमुळे पात्रातले बाष्पीभवन सुमारे १४ टक्क्यांनी कमी होते. पात्र कोणते आहे हे न पाहता गुणांक लावला की सगळ्या हंगामाचा हिशेब तेवढ्याच फरकाने चुकतो. नोंदवहीच्या प्रत्येक पानावर "जाळीसह" असे लिहायला सांगितले आहे.

आणखी एक सापळा. पिकांच्या पाण्याच्या पुस्तकांतही 'पॅन गुणांक' असतो, पण तो पात्रावरून गवताच्या संदर्भ पिकाची गरज काढण्यासाठी. उघड्या पाण्याचा गुणांक वेगळा. दोन्हींना एकच नाव असल्याने ठिबकच्या हिशेबातला आकडा तलावाला लावलेला मी पाहिला आहे.

३१ मार्च

उपग्रहाची चित्रे. सेंटिनेल-२ ही युरोपीय उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी या भागावरून जाते, चित्रे मोफत मिळतात आणि दृश्य प्रकाशात १० मीटरचा, लघुतरंग अवरक्तात (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात) २० मीटरचा तुकडा दिसतो. हिरव्या प्रकाशाचे आणि लघुतरंग अवरक्ताचे गुणोत्तर घेतले की पाणी वेगळे काढता येते, कारण पाणी अवरक्त जवळपास सगळे शोषून घेते.

कागदावर सोपे. प्रत्यक्षात नाथसागराची कड ही रेषा नाही, पट्टा आहे. ओला गाळ, उथळ पाणी, पाण्यात उभे गवत, काठाला लागलेली जलपर्णी. यातले पाणी कशाला म्हणायचे? बाष्पीभवनाच्या दृष्टीने ओल्या चिखलातूनही पाणी उडतेच, आणि ते जलाशयाच्याच ओलाव्यातून येते. मी चिखल सोडला आणि जलपर्णी धरली. निर्णय लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी तपासले तर कळेल.

किनारा चारशे किलोमीटर धरला आणि कड ओळखण्यात सगळीकडे १० मीटरचा फरक पडला, तरी पसाऱ्यात फरक ४ चौरस किलोमीटरचा. म्हणजे दोन-तीन टक्के. हे चालेल. जुन्या तक्त्यावर विसंबण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

पावसाळ्यात ढगांमुळे ही चित्रे निरुपयोगी होतात, तेव्हा सेंटिनेल-१ ची रडार चित्रे घ्यायची.

१४ एप्रिल

फुगवट्याच्या काठाने फिरलो. पाणी मागे सरकले की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत गाळपेर होते. ओलीवर पीक निघते, खत फारसे लागत नाही. पण पाणी मागे सरकते तशा पाणी उपसण्याच्या मोटारीही मागे सरकतात.

एका काकांना विचारले, पाणी रोज किती मागे जाते?

"रोजचं कसं सांगावं साहेब. पण पाइपाला पाइप जोडून जोडून जीव गेला. मागच्या अमावस्येला मोटार तिथं होती," त्यांनी मागच्या बाभळीकडे हात केला.

बाभूळ दोनशे पावलांवर होती. काठाचा उतार दोनशेला एक असा असेल तर पातळी एक सेंटिमीटर उतरली की पाणी दोन मीटर मागे जाते. एप्रिलच्या उन्हात नुसत्या बाष्पीभवनाने रोज पाऊण-एक सेंटिमीटर. शिवाय कालव्याचे आवर्तन (पाळीने पाणी सोडणे) चालू.

"यातलं उन्हानं किती गेलं अन् कॅनॉलनं किती?" काकांनी विचारले.

याच प्रश्नासाठी वही उघडली आहे. त्यांना सांगितले की उन्हाळा संपल्यावर येऊन सांगतो.

२८ एप्रिल

काकांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर पाण्याच्या ताळेबंदातून मिळायला हवे. फेब्रुवारीनंतर नदीतून येणारे पाणी नसल्यात जमा. मग साठ्यात जी घट झाली, त्यातून दोन्ही कालव्यांचा विसर्ग, संभाजीनगर आणि जालन्याचे पिण्याचे पाणी, उद्योगांचे पाणी आणि उपसा वजा केला की उरते ते बाष्पीभवन आणि पाझर. पाझराचा काही भाग धरणाच्या पायथ्याच्या निचऱ्यात मोजला जातो, तो मोठा नाही.

अडचण मोजमापात आहे. पातळी सेंटिमीटरमध्ये वाचली जाते. २०० चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर म्हणजे २ दलघमी. दिवसाचे बाष्पीभवन त्याहून कमी! म्हणजे पातळी एका खुणेने इकडेतिकडे वाचली गेली, तर त्या दिवशीचे बाष्पीभवन दुप्पट झाले किंवा शून्य झाले असे कागदावर दिसेल.

त्यात वारा. सेकंदाला ६ मीटर वेगाचा वारा २७ किलोमीटर रुंदीवरून वाहिला आणि खोली सहाएक मीटर असली, तर पाणी एका काठाकडे ढकलले जाऊन दोन काठांच्या पातळीत अडीच सेंटिमीटरपर्यंत फरक पडतो. वारा पडला की पाणी परत येते. वैशाखात दुपारी वारा असतोच. पट्टी वाचणाऱ्या माणसाचा यात काही दोष नाही; त्याने जे दिसले ते लिहिले.

म्हणून निर्णय: रोजचा ताळेबंद मांडायचा नाही. महिन्याचा मांडायचा, आणि पातळी नेहमी पहाटेच्या शांत वेळेची घ्यायची. महिनाभरात पातळी पाऊण-एक मीटर उतरते, तिथे एक सेंटिमीटरची चूक खपून जाते.

तरीही अनधिकृत उपसा या ताळेबंदात बाष्पीभवनाच्या नावावर जमा होतो. जे मोजले जात नाही ते सगळे उन्हाच्या खात्यावर टाकण्याची सोय या पद्धतीत आहे, आणि म्हणूनच हवामानावरून काढलेला स्वतंत्र आकडा शेजारी हवा.

१२ मे

आज तो स्वतंत्र आकडा. बाष्पीभवनाला दोन गोष्टी लागतात: पाण्याची वाफ करायला ऊर्जा, आणि झालेली वाफ उचलून नेणारी कोरडी हवा. दुसरी बाजू जॉन डाल्टन यांनी १८०२ साली मांडली होती. दोन्ही एका समीकरणात आणली हॉवर्ड पेनमन यांनी, १९४८ साली. त्याला जे लागते ते साध्या हवामान केंद्रावर मिळते: तापमान, आर्द्रता, वारा, सूर्यप्रकाश.

मे महिन्यातल्या मराठवाड्याला शोभतील असे आकडे घेतले. दिवसाचे सरासरी तापमान ३३ अंश, आर्द्रता ३५ टक्के, वारा सेकंदाला ३ मीटर, सूर्याची ऊर्जा दर चौरस मीटरला दिवसाकाठी २५ मेगाजूल. पाणी त्यातली सुमारे ८ टक्के परावर्तित करते, काही उष्णता रात्री आकाशाकडे जाते. उरते १८ च्या आसपास. एक मिलिमीटर पाण्याची वाफ करायला चौरस मीटरमागे सुमारे २.४ मेगाजूल लागतात.

ऊर्जेचा भाग ६.० मिलिमीटर आला. कोरड्या वाऱ्याचा भाग ३.४. एकूण ९.४ मिलिमीटर रोज.

यातून एक वजावट. मे महिन्यात जलाशय स्वतः तापत असतो, म्हणजे आलेल्या ऊर्जेतला काही हिस्सा पाणी गरम करण्यात जातो. पाच मीटर पाणी महिन्यात दोन अंश तापले तर रोजचे अर्धा मिलिमीटर कमी होते. ९ मिलिमीटर धरू. हीच उष्णता जलाशय नोव्हेंबर-डिसेंबरात परत देतो, तेव्हा बाष्पीभवन हवेच्या मानाने जास्त असते. लोकांना हिवाळ्यातली तूट दिसत नाही, पण ती असते: डिसेंबरच्या आकड्यांनी समीकरण ४.३ देते आणि साठलेली उष्णता धरली की पावणेपाचच्या जवळ जाते.

शेजारी दुसरे सूत्र लावून पाहिले, प्रिस्टले आणि टेलर यांचे, १९७२ चे. ते वाऱ्याकडे बघतच नाही. ऊर्जेच्या भागाला १.२६ ने गुणते. उत्तर ७.६. दमट प्रदेशात हे सूत्र चांगले चालते. इथे वैशाखात चहूबाजूंनी तापलेल्या रानावरून कोरडी हवा पाण्यावर येते आणि जादा ओलावा नेते. तो हिस्सा या सूत्रातून सुटतो. उष्ण कटिबंध म्हटला की सगळीकडे केरळसारखी हवा नसते. मराठवाड्यासाठी वारा सोडून देणारे सूत्र मी वापरणार नाही.

१३ मे

पात्राचे आजचे वाचन ११.२, जाळीसह. ०.८ ने गुणून ९.० मिलिमीटर. पेनमनशी जुळले. एका दिवसाच्या जुळण्यावर विसंबायचे नाही, पण महिन्याची सरासरीही याच वाटेने चालली आहे.

२६ मे

उपयुक्त साठा एक आकडी टक्क्यांवर आला आहे. टँकर वाढले आहेत. गावोगाव एकच प्रश्न: पाऊस येईपर्यंत पुरेल का?

मृत साठ्याबद्दल एक गैरसमज आहे की तो 'राखीव' असतो, हलत नाही. कालव्याच्या दरवाजांतून तो निघत नाही एवढेच खरे. ऊन त्यालाही लागते. १४० चौरस किलोमीटर पसारा आणि रोज ९ मिलिमीटर, म्हणजे एका मे महिन्यात ३९ दलघमी, सुमारे १.४ टीएमसी. मृत साठ्याच्या पाच टक्क्यांहून जास्त. तिथे सरासरी खोलीच सव्वापाच मीटर आहे. दुष्काळी वर्षांत साठा 'उणे' दाखवला जातो, त्यात पिण्यासाठी उचललेल्या पाण्याइतकाच या उडालेल्या पाण्याचाही हात असतो.

पिण्याच्या पाण्याचे नियोजन करताना मृत साठ्याला दिवसाला लागणाऱ्या पाण्याने भागले जाते आणि "इतके दिवस पुरेल" असे सांगितले जाते. भागाकाराआधी बाष्पीभवन वजा केलेच पाहिजे. दिवसाला सव्वा दलघमी ही काही सोडून देण्याजोगी रक्कम नाही.

८ जून

ज्यासाठी काम सुरू केले तो हिशेब आज मांडला.

आधी सगळ्या हंगामाचा. १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर सरासरी ४.७ मिलिमीटर रोज, मार्च ते जून ८. एकूण खोली सुमारे १.६ मीटर. म्हणजे साडेआठ महिन्यांत जलाशयाच्या पाठीवरून पुरुषभर नाही, पण नाक बुडेल इतके पाणी उडते.

धरण पूर्ण भरले असेल आणि नेहमीसारखी आवर्तने झाली, तर पसारा रब्बीत सरासरी ३२० आणि उन्हाळ्यात २२० चौरस किलोमीटर धरून सुमारे ४२० दलघमी, १५ टीएमसी. उपयुक्त साठ्याच्या १९ टक्के.

धरण ६५ टक्के भरले असेल तर पसारा २६५ आणि १८५ धरून सुमारे ३५० दलघमी, साडेबारा टीएमसी. उपयुक्त साठ्याच्या २५ टक्के.

आता दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. धरणात ७६० दलघमी पाणी जास्त होते, तेव्हा बाष्पीभवन जास्त झाले फक्त ७० दलघमीने. म्हणजे जादा आलेल्या पाण्यातले नऊ-दहा टक्केच उन्हाने नेले. बाकीचे बाष्पीभवन आधीच्या पाण्यावर होणारच होते.

वरून सोडलेल्या पाण्याला हाच नियम लागू होतो. एक टीएमसी पाणी नाथसागरात आले तर पसारा अडीच-पावणेतीन चौरस किलोमीटरने वाढतो. ते पाणी डिसेंबरपासून जूनअखेरपर्यंत कोणी हातही न लावता तसेच ठेवले, तर त्या वाढीव पसाऱ्यावरून उडेल ते त्या पाण्याच्या सुमारे १३ टक्के. रब्बीतच वापरले तर त्याहून बरेच कमी. ८.६ टीएमसी पूर्णपणे पोचले असे धरले तरी जलाशयातली वाढीव तूट जास्तीत जास्त सव्वा टीएमसीच्या आत.

"सोडलेले पाणी उडून जाते" हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. धरणाच्या एकूण बाष्पीभवनाचा आकडा घेऊन तो नव्या पाण्याच्या माथी मारला, की असे वाटते. मात्र याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवी. तेच पाणी भंडारदरा किंवा मुळा धरणात राहिले असते तर तिथल्या खोल जलाशयात वाढीव तूट याहून कमी झाली असती. आणि कोरड्या नदीपात्रातून खाली येताना वाटेत वाळूत मुरणारे, डोहांत अडणारे, मोटारींनी उचलले जाणारे पाणी हा वेगळा मोठा खर्च आहे. तो बाष्पीभवनाच्या नावावर टाकू नये आणि लपवूही नये. तो पाणी सोडण्याच्या वेळेवर अवलंबून असतो. नदीपात्र ओले असताना, परतीच्या पावसाच्या पाठोपाठ सोडले तर कमी, हिवाळा अर्धा सरल्यावर सोडले तर जास्त. माझ्या मते भांडण व्हायचेच असेल तर ते तारखेवर व्हावे.

१६ जून

पहिला पाऊस झाला. पात्राचे वाचन ५ च्या खाली. हवा दमट झाली की ऊन असूनही तूट अर्ध्यावर येते.

उपायांबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून थोडक्यात. पाण्यावर सेटिल अल्कोहोल या मेणासारख्या रसायनाचा एक रेणू जाडीचा थर पसरवण्याचे प्रयोग १९५० च्या दशकापासून झाले आहेत. लहान तळ्यात, शांत हवेत उपयोग होतो. नाथसागरावर दुपारचा वारा तो थर फाडून काठाला लावेल, आणि बाष्पीभवन जास्त होते तीही नेमकी दुपारचीच वेळ.

तरंगत्या सौर पटलांचा प्रस्ताव नाथसागरासाठी मांडला गेला आहे. वीज हा त्याचा खरा लाभ. पाण्याच्या बाजूने पाहिले तर एक टीएमसी वाचवायला साडेसतरा चौरस किलोमीटर पाणी पूर्ण झाकावे लागेल, आणि पटले पूर्ण झाकत नाहीत. हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, काठावर मासेमारीवर जगणारी कुटुंबे आहेत. पाणी वाचते या एका कारणासाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

स्वस्त उपाय वेळापत्रकात आहे. डिसेंबरात एका दिवसाला पावणेपाच मिलिमीटर जातात, मेमध्ये नऊ. जे पाणी शेतीला द्यायचेच आहे ते लवकर दिले, तर पसारा उन्हाळ्याआधी आटोक्यात येतो. उन्हाळी आवर्तन कमी करून रब्बीचे एक वाढवले तर किती फरक पडतो, हे पुढच्या हंगामात पिकांच्या क्षेत्रासह मांडायचे आहे. फळबागांना ते चालणार नाही, हे माहीत आहे; मोसंबीला मेमध्ये पाणी लागतेच.

३० जून

हंगाम संपला. काकांना भेटून आलो. त्यांना आकडा हवा होता तसा दिला: मार्च ते जून या काळात जलाशयाची पाठ फक्त उन्हाने सुमारे ९७ सेंटिमीटर खाली गेली, अधिकउणे दहा टक्के. पाणी त्याहून जेवढे जास्त उतरले ते कालवा, नळ आणि मोटारींचे. त्यांच्या बाभळीपासून पाण्यापर्यंतच्या उतारावर हे अंतर पावलांत मोजून दाखवले. त्यांनी शेजाऱ्यांना बोलावले आणि पुन्हा दाखवायला लावले.

ही दहा टक्क्यांची चूक कुठून येऊ शकते तेही लिहून ठेवतो. पात्राचा गुणांक सर्वांत मोठा वाटा घेतो. त्यानंतर पसारा. पेनमनसाठी लागणारा वारा काठावरच्या केंद्राचा आहे, पाण्यावरचा नाही. पाण्यावर तो जास्त असू शकतो. पुढच्या वर्षी एका बोटीवरून जलाशयाच्या मध्यावर वारा आणि पाण्याचे तापमान घ्यायचे आहे, महिन्यातून एकदा जरी जमले तरी.

पात्र धुऊन पुन्हा भरले. मुलगी दहावीत गेली, वाचन तिचा धाकटा भाऊ घेणार आहे. १५ ऑक्टोबरच्या साठ्याचा आकडा आला की त्याच दिवशी तक्ता नव्याने चालवायचा आणि दोन्ही बाजूंच्या पाणीवापर संस्थांना एकच प्रत पाठवायची.